वित्त, श्रद्धा आणि प्रवास : 'बेन-हर'मधील कारभाऱ्याचे स्थान

ख्रिस्ती ऐतिहासिक रोमान्स हा एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य कथासाहित्याचा एक लोकप्रिय प्रकार होय. कार्डिनल वाइझमन यांची 'फॅबिओला' (१८५४), ल्यू वॉलेस यांची 'बेन-हर' (१८८०) आणि हेन्रिक शेन्कीएविच यांची 'क्वो व्हादिस' (१८९६) ही त्याची ठळक उदाहरणे. रोमन साम्राज्याची पार्श्वभूमी, संकटांची मालिका आणि कथान्ती श्रद्धेचा विजय ही त्याची सर्वपरिचित लक्षणे. या प्रकारात संपत्ती मात्र एक पेच निर्माण करते. नायकाचे हिरावलेले वैभव त्याला परत मिळावे, हा रोमान्सचा संकेत. तर सर्वस्व विकून गोरगरिबांना द्यावे, हा शुभवर्तमानातील श्रीमंत तरुणाला मिळालेला आदेश. 'बेन-हर' या पेचातून कोणता मार्ग काढते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रवासाच्या रूपाने श्रद्धेची कथा सांगण्याची रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. जॉन बन्यन यांच्या रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले 'यात्रिक क्रमण' हे भाषांतर १८४१ मधील, तर बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ मधील. बन्यनच्या यात्रेकरूसाठी बाजार हे मोहाचे ठिकाण. तेथून सुटून पुढे जाण्यातच त्याचे हित. यमुनेच्या पर्यटनातून विधवांची दैन्यावस्था उघड होते. दोन्हीकडे धनार्जन हा प्रवासाचा हेतू नाही. वॉलेस यांच्या कादंबरीत मात्र प्रवास आणि धन एकमेकांना सोडीत नाहीत.

जूडा बेन-हर हा यरुशलेममधील धनाढ्य यहुदी घराण्याचा पुत्र. घराच्या गच्चीवरील कौल निसटून रोमन अधिकाऱ्याच्या डोक्यावर पडते आणि घराण्याची मालमत्ता जप्त होऊन तो गलबतावर वल्हेकरी गुलाम होतो. सागरी युद्धात तो सेनानी अरियसचे प्राण वाचवितो, त्याचा दत्तक पुत्र म्हणून रोमला जातो आणि त्याच्या संपत्तीचा वारस ठरतो. पुढे अंत्युखियात त्याला पित्याचे धनही सापडते. अशा रीतीने प्रत्येक स्थलांतरागणिक त्याचे सांपत्तिक स्थान पालटते. विशेष म्हणजे हे सारे लिहिताना वॉलेस यांनी पॅलेस्टाइन पाहिलेले नव्हते. न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर असताना, ग्रंथ व नकाशे यांच्या आधारे त्यांनी हे लेखन पुरे केले. उस्मानी दरबारी अमेरिकेचे वकील म्हणून ते पूर्वेकडे गेले १८८१ मध्ये.

अंत्युखियातील व्यापारी सिमोनिदीस हा या कादंबरीचा खरा आर्थिक कणा. जूडाच्या पित्याचे १२० टॅलेंट त्याने रोमनांपासून लपवून ठेवले, त्यासाठी शरीर मोडेपर्यंत छळ सोसला आणि व्यापारातून ती रक्कम ६७३ टॅलेंटांवर नेली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील, धन्याचे धन वाढविणाऱ्या विश्वासू दासाची ही विस्तारित कथा, हे सहज लक्षात येते. परंतु हा सिमोनिदीस कायद्याने गुलाम आहे. राहेल या दासीशी विवाह करता यावा म्हणून त्याने स्वेच्छेने कान टोचवून आजन्म दास्य पत्करले होते. जूडा मूळ १२० टॅलेंट स्वतःकडे ठेवून उरलेले सर्व त्याला देऊ करतो. पण सिमोनिदीस कारभारीपदच मागून घेतो. अमेरिकन यादवी युद्धात गुलामगिरीच्या राज्यांविरुद्ध लढलेल्या सेनानीने, ते युद्ध संपल्यावर १५ वर्षांनी, दास्यातच धन्यता मानणारा दास रंगवावा, ही विसंगती उपेक्षणीय नाही. नायकाचे धन निष्कलंक राहावे म्हणून ते कमावण्याचे श्रम आणि यातना दुसऱ्याच्या वाट्याला दिलेल्या आहेत.

या धनाचे करावयाचे काय, हा पुढचा प्रश्न. येणारा मसीहा रोमची सत्ता उलथविणारा राजा असेल, असे सिमोनिदीस मानतो. तो आत्म्यांचा तारक असेल, असे इजिप्तच्या बाल्थझारचे मत. जूडा पहिल्या मताकडे झुकतो व गॅलिलीत गुप्तपणे सैन्य उभारतो. क्रूसारोहणानंतर त्याचा हा संकल्प गळून पडतो, धन मात्र राहते. नीरोच्या काळात, सिमोनिदीसच्याच सल्ल्याने, ते रोममधील ख्रिस्ती समाजाच्या भूमिगत दफनस्थानासाठी खर्ची पडते. कादंबरी हे स्थान म्हणजे संत कॅलिक्स्तसचे कॅटाकोम असे सांगते. वास्तविक त्याचा आरंभ दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. हा कालविपर्यास सहेतुक असो वा नसो, त्याचे कार्य स्पष्ट आहे : खासगी संपत्तीला चर्चच्या इतिहासात तो जागा मिळवून देतो.

सारांश, 'बेन-हर'मध्ये त्याग घडतो तो धनाचा नव्हे, धनामागील हेतूचा. श्रीमंत तरुणाला दिलेला आदेश येथे विश्वस्तपणाच्या कल्पनेत रूपांतरित होतो आणि म्हणूनच रोमान्सचा सुखान्त व श्रद्धेचा विजय एकत्र नांदू शकतात. या समन्वयाची किंमत सिमोनिदीसच्या मोडलेल्या देहात नोंदलेली आहे. रथशर्यतीमुळे लक्षात राहिलेल्या या कादंबरीच्या पुनर्वाचनात तिकडे दृष्टी वळविणे अगत्याचे ठरते.