कोजागिरी कालची की आजची?

आश्विन लागला की आमच्याकडे हा वाद ठरलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात एका चौकोनात 'कोजागरी', शेजारच्या चौकोनात 'पौर्णिमा'. सोलापूरहून तुळजापूरला चालत निघणाऱ्यांनी कोणती रात्र धरायची? दूध कधी आटवायचं? शेवटी घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं: पंचांगवाल्यांनीच घोळ घातलाय.

घोळ कुणीच घातलेला नसतो. तिथी घड्याळावर चालत नाही, म्हणून ती तारखेसारखी मध्यरात्री बदलत नाही. चंद्र सूर्यापासून किती लांब गेला, यावर तिचा हिशेब असतो. दोघांतलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. अशा ३० तिथी झाल्या की ३६० अंशांची फेरी पुरी. पौर्णिमा ही त्यातली १६८ ते १८० अंशांची तिथी. चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर आला की पूर्ण भरतो आणि नेमक्या त्याच क्षणी पौर्णिमा संपते. म्हणजे पौर्णिमा लागते तेव्हा चंद्र भरलेला नसतो, आणि भरतो तेव्हा ती सरलेली असते.

२०२५ सालचंच घ्या. पौर्णिमा लागली ६ ऑक्टोबरला दुपारी आणि संपली ७ ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजून गेल्यावर. कोजागिरीला मध्यरात्रीची पौर्णिमा लागते, म्हणून ती ६ तारखेला. एरवी दिवसाला तिथी द्यायची ती सूर्योदयाची, म्हणून पौर्णिमा ७ तारखेची. दोन्ही चौकोन बरोबर! चंद्र नेमका भरला तेव्हा मात्र धाराशिवात ऊन पडलेलं होतं आणि चंद्र मावळून गेला होता. त्यानं काही बिघडलं नाही. आदल्या मध्यरात्री तो ९९ टक्क्यांहून जास्त उजळलेला होता, आणि उरलेला अंश डोळ्याला कळत नाही. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निद्रा घेणारी तुळजाभवानी याच पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्यासाठी सोलापूरहून ४५ किलोमीटर चालणाऱ्याला तेवढा उजेड पुरून उरतो.

कोजागिरीबद्दलची दुसरी समजूत अशी, की त्या रात्री चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो आणि वर्षातला सर्वांत मोठा दिसतो. २०२४ साली हे खरं होतं. पण तो त्या वर्षाचा योग, कोजागिरीचा कायमचा मान नव्हे. चंद्राची वाट लंबगोल आहे. पौर्णिमेचा चंद्र कधी सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर असतो, तर कधी ४ लाखांच्याही पलीकडे. सर्वांत जवळची पौर्णिमा साधारण १४ पौर्णिमांनी परत येते, त्यामुळे तो मान दरवर्षी पुढे सरकतो. २०२२ साली तो गुरुपौर्णिमेला मिळाला, २०२३ साली राखी पौर्णिमेला, २०२४ साली कोजागिरीला आणि २०२५ साली त्रिपुरी पौर्णिमेला. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या पूर्णचंद्रात आकाराचा फरक १४ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही शेजारी ठेवून बघता आले असते तर कळला असता; एकेकटा बघून सांगणारा बहुधा बातमी वाचून आलेला असतो.

मग कोजागिरीचं चांदणं वेगळं का वाटतं? पावसानं हवेतली धूळ बसवलेली असते, ढग पांगलेले असतात आणि रात्री अंगणात बसवेल इतपतच गारवा असतो. श्रेय चंद्राला जातं, काम हवेनं केलेलं असतं.

उगवताना चंद्र परातीएवढा दिसतो, तोही भासच. तुरीचा एक दाणा चिमटीत धरा, हात पूर्ण लांब करा आणि एक डोळा मिटून उगवता चंद्र त्यामागे झाका. मध्यरात्री चंद्र वर आला की पुन्हा तेच करा. दोन्ही वेळा तोच दाणा पुरतो. खरं तर क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून काही हजार किलोमीटर जास्तच लांब असतो, म्हणजे किंचित लहान. तरीही मोठा वाटतो, ही मेंदूची करामत आहे आणि ती नेमकी कशी घडते यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

अलीकडे मोबाइलवर नवीच नावं येऊन पडतात: एप्रिलचा 'पिंक मून', जूनचा 'स्ट्रॉबेरी मून'. मग लोक गच्चीवर जाऊन गुलाबी चंद्र शोधतात आणि हिरमुसून खाली येतात. ही नावं उत्तर अमेरिकेतल्या ऋतूंवरून पडली. गुलाबी म्हणजे तिकडे वसंतात फुलणारं एक फूल, स्ट्रॉबेरी म्हणजे तिकडच्या तोडणीचा हंगाम. चंद्राच्या रंगाशी त्यांचा संबंध नाही. 'ब्लू मून'ही निळा नसतो. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ते नाव देतात; ही व्याख्या १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या चुकीमुळे रूढ झाली. आपल्या अधिक मासामागचं कारण तेच, बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात आणि सौर वर्षाला ११ दिवस कमी पडतात, पण मोजणी वेगळी. २०२३ साली अधिक श्रावणाची पौर्णिमा ऑगस्टच्या सुरुवातीला होती, तर 'ब्लू मून' ठरला ऑगस्टअखेरचा, निज श्रावणातला. २०२६ साली १ आणि ३१ मे या दोन पौर्णिमांपैकी दुसरी अधिक ज्येष्ठातली, म्हणजे दोन्ही हिशेब एकाच चंद्रावर येतात.

उसन्या नावांची आपल्याला गरज का पडावी, हे मला कळत नाही. आपल्या महिन्यांची नावं हाच पौर्णिमेचा पत्ता आहे. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा चंद्र चित्रा ताऱ्याच्या आसपास असतो. कार्तिकात कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगशीर्षाजवळ, पौषात पुष्याजवळ. नेमका त्याच नक्षत्रात असेल असं नाही, एखादं घर मागेपुढे होतं.

इथेच एक मोठी गल्लत होते. शेतकरी ७-८ जूनला म्हणतो, मृग लागला. शाळेतलं पोर विचारतं, मग मृग दिसेल का? तेव्हा तो अजिबात दिसत नाही, कारण पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात शिरला. नक्षत्र दिवसा सूर्याबरोबर उगवतं, सूर्याबरोबर मावळतं. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या पार दुसऱ्या बाजूला गेला की तोच मृग संध्याकाळी पूर्वेला उगवतो आणि त्या महिन्याची पौर्णिमा त्याच्याशेजारी भरते. पेरणी सूर्याच्या मृगावर, महिन्याचं नाव चंद्राच्या मृगावर.

पूर्णचंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून त्याचं वागणंही उलटं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तर रात्रीचा पूर्णचंद्र दक्षिणेकडे कललेला. हिवाळ्यात सूर्य खाली, चंद्र डोक्यावर. पौष पौर्णिमेला नळदुर्गाजवळ मैलारपूरला खंडोबाची यात्रा असते. त्या मध्यरात्री खाली बघा: स्वतःची सावली पायाशी गोळा झालेली दिसेल. वटपौर्णिमेला ढगांनी वाट दिलीच, तर मध्यरात्रीची सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी पडते.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं शिकलेली माणसंही सांगतात. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना वर बघा. अर्धा चंद्र माथ्याजवळ असतो आणि पृथ्वीची सावली तर पूर्वेला पडलेली असते. ती चंद्राला गाठणार कशी? कला म्हणजे उजळलेल्या अर्ध्या गोलाचा आपल्याला दिसणारा वाटा. सावली पडते ती ग्रहणातच, आणि चंद्राची वाट पाच अंशांनी तिरकी असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. ७ सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद पौर्णिमेला, तो निसटला नाही: रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत पूर्ण सावलीत होता. ते बघायला कसल्याही चष्म्याची गरज नव्हती.

राहिली सर्वांत पक्की समजूत: आकाश बघायचं तर पौर्णिमेला. दुर्बीण घेऊन आलेल्यांना गावकरी हमखास पौर्णिमेचंच आमंत्रण देतात. पण त्या उजेडात आकाशगंगा पुसली जाते, ठळक तारे तेवढे उरतात. खुद्द चंद्रही त्या रात्री दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण सूर्याचा उजेड त्याच्यावर समोरून पडतो आणि विवरांना सावलीच राहत नाही. विवरं बघायची तर अष्टमी, उजेड-अंधाराच्या सीमेवर. अर्ध्या चंद्राचा उजेड पूर्णचंद्राच्या निम्मा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो.

ताऱ्यांची रात्र अमावस्येची. एरवी अशुभ म्हणून तिला टाळतात, पण आपल्या धाराशिव-लातूरकडं वर्षातला मोठा सण अमावस्येलाच येतो. मार्गशीर्षातली येळवस. अख्खं गाव रानात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. अंधार पडला की बहुतेक जण घरी परततात. जे थांबतात त्यांना आठाच्या सुमारास पूर्वेला मृग आणि त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दिसतो, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका, आणि मृगाच्या मागून व्याध वर येत असतो. तो सगळ्या ताऱ्यांत ठळक. हा मान ध्रुवाला देणारे पुष्कळ आहेत, पण ध्रुव मध्यम तेजाचा तारा आहे. त्याचं महत्त्व एवढंच की तो जागचा फारसा हलत नाही, आणि आपल्या गावाचा अक्षांश जेवढा तेवढ्याच उंचीवर असतो. धाराशिव सुमारे १८ अंशांवर. लांब केलेल्या हाताच्या दोन मुठी एकावर एक ठेवल्या तर ध्रुव वरच्या मुठीच्या काठाखालीच सापडतो.

दहाच्या पुढं थांबलात तर पाठ फिरवून दक्षिणेला बघा. बालाघाटच्या कडेवर एकटाच झळकतोय तो अगस्ती, व्याधाखालोखाल ठळक. दिल्लीहून तो क्षितिजापासून फार वर येत नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास तो पुरता वर आलेला असतो, आणि तेव्हा मोजलात तर तोही जवळजवळ दोन मुठींवरच भरतो. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्ती, दोघं जवळपास सारख्याच उंचीवर, आणि मध्ये आपलं ज्वारीचं रान.