पाड्यावरचा कायदा (८) : म्हाताऱ्यांची साक्ष

आज ‘क’ नमुना, म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचा दावा, असं कबूल केलं होतं. तो पुढच्या खेपेला. कारण बोर्डीहून आलेलं एक पत्र. जीपीएसने केलेली प्लॉटची मोजणी त्या वाचकांना पटली, पण त्यांचा सवाल असा : ‘गावचा म्हातारा म्हणतो जमीन याचीच, हा पुरावा कसा? उद्या कोणीही काहीही सांगेल.’ सवाल रास्त आहे. शिवाय डहाणू-तलासरीच्या कार्यकर्त्यांना शिकवताना मी सर्वांत रंगतो तो याच धड्यात, तेव्हा मला निमित्तच हवं होतं.

वनहक्क कायद्याच्या नियमांत तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तीत सरकारी कागद आहेत, घर-बांधांसारख्या जागेवरच्या खुणा आहेत, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथनही आहे. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात, म्हणजे नुसत्या जबाबावर जमीन मिळते ही भीती नको. पण कागद नाही म्हणून दावा मरू नये, हा विचार या कायद्याहून जुना आहे आणि त्याचं बी याच पट्ट्यातलं. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू इथल्या वनप्लॉटधारकांसाठी सुप्रीम कोर्टात गेले होते. १९९५ च्या त्या निकालानंतर, १० ऑक्टोबर २००२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात गावपातळीवरची चौकशी आणि वृद्धांचा शब्द ग्राह्य झाला. केंद्राचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी आला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वनप्लॉटधारकांचं हे देणं आपल्याकडेच फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मी दर शिबिरात सांगतो.

आता जबाब घ्यायचा कसा? नवी पोरं पहिलाच प्रश्न विचारतात, ‘आजा, किती वर्षं कसतोस?’ आजा म्हणतो, ‘लय वर्षं.’ मग पोरगं आपल्याच मनाने ‘७५ वर्षे’ लिहून मोकळं होतं. दोन्हीकडून घात. तीन पिढ्यांची, ७५ वर्षांची अट आहे ती बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना. वारली आदिवासीने एवढंच दाखवायचं असतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन त्याच्या ताब्यात आहे. आणि साठीतल्या माणसाच्या तोंडी ७५ वर्षं घातली, की सगळा जबाबच हास्यास्पद.

तारीख विचारूच नये. काम विचारावं. बांध कोणी घातला, खाचर कधी पाडलं, राब कुठे भाजत होते, पलीकडे कोण कसत होतं. मग एखाद्या सर्वांना ठाऊक असलेल्या घटनेशी गाठ घालावी. डहाणूच्या थर्मलची चिमणी उभी राहिली त्याच्या आधी की नंतर? २००५ साठी माझी आवडती खूण म्हणजे २६ जुलै. मुंबई बुडाल्याची बातमी पाड्यापाड्यावर आली, तेव्हा इथे लावणीचे दिवस होते. त्या लावणीला कोण कुणाच्या खाचरात वाकलं होतं, हे बायांना पक्कं आठवतं. आवण उपटायला त्याच असतात ना! तरी जबाबाला बोलावतात पुरुषांना. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, मग साक्ष एकट्या बाप्याची का?

दुसरी गाठ पोरांच्या जन्माची. ‘मधली पोर झाली त्या साली बांध घातला’ असं कोणी म्हणालं, की पोरीचा शाळेचा दाखला मागून घ्यावा. त्यावर जन्मतारीख बहुतेक १ जून असते. ती गुरुजींची कृपा! दिवस खोटा असला तरी साल जवळपासचं निघतं, आणि आपल्याला साल पुरतं.

आता ‘कोणीही काहीही’. दाव्याची पडताळणी वनहक्क समिती जागेवर जाऊन करते, वन खात्याला आधी कळवून. नंतर दावा ग्रामसभेत वाचला जातो आणि तिथे बांधाला बांध लागलेला शेजारी बसलेला असतो. त्याच्यासमोर वाव-दोन वाव जमीन लांबवून बघा! खोटेपणाचा धोका मला दुसरीकडेच दिसतो. एकच मजकूर झेरॉक्स करून, फक्त नावं बदलून, अख्ख्या पाड्याचे जबाब तयार करतात. माणसं खरी, जमीन खरी, जबाब मात्र बनावट वाटतो. उपविभागीय समितीत असा गठ्ठा उघडला की चांगले दावेही संशयात येतात. म्हणून माझ्या शिबिरात छापील जबाबाला बंदी. एका बैठकीत दोनच जबाब घ्यायचे, सांगणाऱ्याच्या बोलीत परत वाचून दाखवायचे, आणि मगच अंगठा.

उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला, अशी तक्रार दोघा वाचकांनी कळवली आहे. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे : अशी चित्रं इतर पुराव्यांना पूरक, त्यांच्या जागी नाहीत. नकाराची कारणं लेखी मागा, साठ दिवसांत अपील करा. पुढच्या आठवड्यात ‘क’ नमुना, नक्की. गावाचा निस्तार, म्हणजे सरपण-चराईचा वापर, कुठवर जातो याचा कच्चा नकाशा तोवर काढून ठेवा.