मुक्या बॅटीची गोष्ट

टेबल-टेनिसचा खेळ डोळे मिटूनहि ओळखतां येतो. चेंडू टेबलावर आपटला कीं एक आवाज, बॅटीला लागला कीं दुसरा. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध पुस्तकें उभीं करून त्यांचीच जाळी बनविणाऱ्या आपल्या घरांतील मुलांना हा ठेका पाठ असतो, आणि दुपारची झोप मोडलेल्या आजोबांनाहि. १९५२ च्या फेब्रुवारींत या मुंबई शहरांत त्यांपैकीं एक आवाज अकस्मात् नाहींसा झाला, आणि त्याच्याबरोबर या खेळावरील युरोपचें राज्यहि जाऊं लागलें. आशियाई अजिंक्यपदाला आज जी किंमत आहे, तिचें मूळ शोधूं गेल्यास आपण आपल्याच गांवीं येऊन पोहोंचतों.

टेबल-टेनिसच्या जागतिक स्पर्धा १९२६ सालीं लंडन येथें सुरू झाल्या. आपल्या देशाचे खेळाडू त्या पहिल्याच स्पर्धेंत उतरले होते. परंतु स्पर्धा भरावयाच्या त्या युरोपांत. एकदां, १९३९ सालीं, कैरो येथें भरली एवढाच काय तो अपवाद. पुरुषांच्या एकेरीचें अजिंक्यपद तर युरोपबाहेर कधींच गेलें नव्हतें. अशा स्थितींत ही स्पर्धा आशिया खंडांत प्रथमच आली ती मुंबईंत, १९५२ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांत.

हंगेरी, इंग्लंड, रुमानिया येथील नामांकित मंडळी आलीं. प्रथमच आला तो जपान. त्या वेळीं जपानवर दोस्त राष्ट्रांचा ताबा होता. तो उठला त्याच वर्षींच्या एप्रिलअखेर. या संघांत हिरोजी सातो नांवाचा एक चष्मा लावणारा, किरकोळ बांध्याचा खेळाडू होता. त्याच्याकडे प्रथम कोणाचें विशेष लक्ष जाण्याचें कारण नव्हतें. लक्ष गेलें तें त्याच्या बॅटीकडे.

इतरांच्या बॅटींवर दाणेदार रबराचा पातळ थर असे. चेंडू त्यावर लागतांच ‘टक्’ असा आवाज होऊन परत फिरे. सातोच्या बॅटीवर जाड स्पंज चिकटविलेला होता. चेंडू त्यांत क्षणभर रुतावयाचा आणि मग एकदम उसळून निघावयाचा. आवाज जवळजवळ नाहींच. आतां वाचकांस वाटेल कीं, आवाज नसला तर बिघडलें काय? पण वर्षानुवर्षें या खेळांत मुरलेला माणूस प्रतिपक्ष्याचा फटका नुसता पाहात नाहीं, तो ऐकतोहि. चेंडू जोरानें मारला कीं हळूच कापला, हें कान आधीं सांगतो. येथें कान निरुपयोगी झाला, आणि चेंडू अपेक्षेपेक्षां निराळ्या वेळीं, निराळ्या वेगानें येऊं लागला. अमेरिकेचा मार्टी रीझमन हा गाजलेला खेळाडू त्याच्यापुढें हरला, आणि या मुक्या बॅटीनें खेळाचें वाटोळें केलें अशी तक्रार तो पुढें जन्मभर करीत राहिला. अंतिम सामन्यांत हंगेरीच्या कोझियानला हरवून सातो जगज्जेता झाला. सातांपैकीं चार अजिंक्यपदें जपाननें नेलीं. स्त्रियांची एकेरी मात्र रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनूनें राखली.

हा विजय माणसाचा कीं हत्याराचा? मला विचाराल तर रीझमनची तक्रार अर्धीच खरी होती. सातोला पुन्हां एकेरीचें जगज्जेतेपद मिळालें नाहीं, म्हणजे त्या बॅटीची जादू नवेपणांतच होती. परंतु १९५४ पासून इचिरो ओगिमुरा आणि तोशिआकी तानाका यांनीं आळीपाळीनें चार वेळां एकेरी जिंकली, जपानच्या पुरुष संघानें सांघिक चषक लागोपाठ पांचदां मिळविला. तें कांहीं नुसत्या स्पंजाचें काम नव्हे. १९५९ सालीं नियम झाला: नुसता स्पंज नको, स्पंजावर रबर असावें, आणि दोन्ही मिळून जाडी चार मिलिमीटरांहून अधिक नसावी. आज आपलीं मुलें ज्या बॅटीनें खेळतात ती याच तडजोडीची संतति. त्याच वर्षीं चीनचा रोंग ग्वोत्वान जगज्जेता झाला.

आशियाई राष्ट्रांची स्वतःची स्पर्धा १९५२ सालींच सिंगापुरास सुरू झाली होती. तेथून भारताच्या गूल नासिकवाला यांनीं सुवर्णपदकें आणलीं. १९६० सालीं ही स्पर्धा मुंबईस भरली. पुढें १९७२ त नवा आशियाई संघ स्थापन होऊन पेकिंगपासून स्पर्धांची नवी मालिका सुरू झाली. तेव्हांपासून आशिया जिंकणें हें जग जिंकण्याहून फारसें सोपें राहिलें नाहीं.

मग दोनदां यजमानपद करून आमच्या हातीं काय आलें? याचें एक उत्तर गिरगांव-लालबागच्या खोल्यांत आहे. टेबल नऊ फूट लांब, पांच फूट रुंद, शिवाय दोहों बाजूंस मागें सरावयास जागा हवी. चाळींतील दहा-बारा फुटांच्या खोलींत, जेथें रात्रीं अंथरुणें घालतांना पाटहि उभे करावे लागत, तेथें तें मावणार कोठें? तेथें कॅरम आला व रुजला. टेबल-टेनिस जिमखान्यांत राहिलें.

पुरुष संघास २०२१ सालीं दोहा येथें कांस्यपदक मिळालें, तें आशियाई स्पर्धेंत १९७६ नंतरचें पहिलें. स्त्रियांना आणखी तीन वर्षें थांबावें लागलें. २०२४ च्या ऑक्टोबरांत अस्ताना येथें दक्षिण कोरियाशीं सामना होता. ऐहिका मुखर्जी हिच्या बॅटीच्या एका बाजूस चेंडूची फिरकी मारून टाकणारें रबर असतें. नियमाप्रमाणें दोन बाजूंचे रंग निराळे असावे लागतात, म्हणजे प्रतिपक्ष्याची फसवणूक होऊं नये; तरीहि दिसणें निराळें आणि उत्तर सांपडणें निराळें. जागतिक क्रमवारींत कितीतरी वर असलेल्या शिन यु-बिन आणि जिआँ जी-ही या दोघींना तिनें हरविलें, आणि भारतानें सामना ३–२ असा जिंकला. १९७२ पासूनच्या स्पर्धांत भारतीय महिला संघाचें तें पहिलेंच पदक. उपान्त्य फेरींत गांठ पडली जपानशीं. तेथें मात्र आपण हरलों.