*रेसिड्यू तपासणी : मशीनला सीसीसी कसं सापडतं?*



बारामती-इंदापूर भागातल्या निर्यात द्राक्षबागांचे नमुने लॅबला जाण्याआधी हे जरूर वाचा. "एवढंसं औषध, कुणाला कळतंय?" असं बरेच जण म्हणतात. कळतं. कसं ते पाहू.

२०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेंड्याची वाढ रोखणारं आपलं सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि युरोपात कंटेनर अडकले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे २० टन मालात अवघा १ ग्रॅम!

*मशीन काय करतं?*

१) द्राक्षं रगडून द्रावकात अर्क काढतात.

२) अर्क अतिशय बारीक सुईतून सोडतात. तिथे काही हजार व्होल्टचा दाब असतो. त्यामुळे विद्युतभार असलेलं धुकं तयार होतं. आपल्या इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअरसारखंच, पण त्याहून कितीतरी बारीक. हाच इलेक्ट्रोस्प्रे.

३) गरम नायट्रोजनने थेंब सुकतात. थेंब लहान झाला की आतले सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि थेंब फुटतो. शेवटी भार असलेले सुटे रेणू उरतात, तेही न मोडता. या पद्धतीने प्रोटीनसारखे मोठे रेणूसुद्धा तोलता येतात. ते दाखवणारे जॉन फेन २००२ च्या रसायनशास्त्र नोबेलचे एक मानकरी.

४) पुढे निर्वात भागात चार दांड्यांमधून हव्या त्या वजनाचेच रेणू पार होतात. सीसीसीच्या भारित रेणूचं वजन १२२. तो फोडला की ५८ वजनाचा तुकडा निघतो. दोन्ही खुणा जुळल्या की ओळख पटते. मग माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशी तुलना करून किती आहे ते काढतात.

*आपण काय करायचं?*

✔ लेबल नसलेलं, बिल न मिळणारं टॉनिक मारू नका. आत काय मिसळलंय ते मशीन सांगेल, पण तोवर माल पिकलेला असेल.

✔ सीसीसी वेलीत शिरतं. घड धुऊन ते जात नाही.

✔ प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण वहीत लिहा. काढणीपूर्व कालावधी पाळा.

✔ दुसऱ्या पिकाला वापरलेला पंप आणि टाकी नीट धुऊनच बागेत आणा.

✔ नमुना पूर्ण प्लॉटमधून घेऊ द्या. निवडक ओळींचा चांगला रिपोर्ट परदेशातल्या तपासणीत कामाला येत नाही.

औषध तुम्ही मारलं की टॉनिकमधून आलं, मशीनला दोन्ही सारखंच. शंका असेल तर फवारणीआधी कंपनीत विचारा.