बरणीतल्या स्टार्टरची भूक

सावरडो ब्रेडचा स्टार्टर फ्रिजमध्ये महिना-दीड महिना तसाच राहिला, की त्यावर करडं, काळपट पाणी साचतं आणि झाकण उघडताच नाकात व्हिनेगरसारखा उग्र वास जातो. अशी बरणी सिंकमध्ये ओतू नका. पिठातलं खाणं संपून यीस्ट उपाशी राहिलं, एवढाच त्या पाण्याचा अर्थ. त्यात थोडा मद्यार्क आणि आम्ल असतं, म्हणून तो वास. गुलाबी किंवा नारिंगी पट्टे दिसले, लव आलेली बुरशी दिसली, तर मात्र सगळं टाका आणि बरणी उकळत्या पाण्यानं धुवा. तिथे हळहळायचं नाही.

स्टार्टर म्हणजे पीठ, पाणी आणि त्यात वाढणारे दोन प्रकारचे जीव. जंगली यीस्ट वायू सोडतं, त्यानं पाव फुगतो. लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आंबटपणा आणतात, आणि त्या आंबटपणात बाहेरचे घातक जंतू टिकत नाहीत. आपल्या विरजणाचं काम मुख्यतः या जिवाणूंवरच चालतं, म्हणून दही आंबतं पण फुगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यातलं यीस्ट बाजारात येईपर्यंत जगभरचा पाव अशाच आंबवणावर किंवा दारू गाळणाऱ्यांकडच्या फेसावर फुगायचा. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर घालून पीठ आंबवत. सूर काढणारे रेंदेर कमी झाले तशी तिची जागा यीस्टनं घेतली.

परदेशातून स्टार्टर मागवावा का, असं मला विचारतात. अजिबात नको. सॅन फ्रान्सिस्कोच्या आंबट पावातल्या जिवाणूला १९७१ मध्ये त्या शहराचं नाव मिळालं, आणि पुढे तोच जिवाणू जगभरच्या स्टार्टरमध्ये सापडला. तुमच्या गहू-पिठात पुरेसं काही आहे.

मी राहते अहिल्यानगरच्या सावेडीत. स्टार्टर जागा करायला मी गिरणीतून दळून आणलेलं लोकवन गव्हाचं पीठ वापरते, मैदा नाही. कोंड्यासकट दळलेल्या पिठात यीस्टला लागणारी खनिजं जास्त असतात आणि गव्हाच्या सालीवरचे जीवही त्यात येतात. गिरणीतून आलेलं पीठ हाताला चटका देण्याइतकं गरम असतं. ते पूर्ण निवल्यावरच घ्यायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून रात्री पातेल्यात उघडं ठेवलेलं पाणी सकाळी वापरते.

वरचं काळपट पाणी काढून टाका. तळातला २० ग्रॅम स्टार्टर स्वच्छ बरणीत घ्या, त्यात २० ग्रॅम पाणी आणि २० ग्रॅम पीठ. वाटी-चमच्यानं मोजू नका, वजनकाटा घ्या. कणीक दाबून भरली की वाटीत किती जास्त मावते ते तुम्हाला माहीत आहेच. बरणीला पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा. पहिल्या दिवशी तुरळक बुडबुडे आले तरी पुष्कळ झालं. दर बारा तासांनी पुन्हा तेवढाच भाग ठेवून बाकीचा बाजूला काढायचा आणि नवं खाणं द्यायचं. तरतरी आली की प्रमाण एकास दोन, दोन करायचं.

बाजूला काढलेल्याची धिरडी होतात: कांदा, मिरची, मीठ, थोडं ज्वारीचं पीठ, तव्यावर तेल. माझ्या घरी ब्रेडपेक्षा त्यांनाच मागणी आहे.

पुस्तकातल्या तासांवर मात्र नगरमध्ये विसंबता येत नाही. हिवाळ्यात राज्यातल्या सगळ्यात थंड ठिकाणांच्या बातमीत आपलं नाव हमखास असतं. तेव्हा रात्री दिलेलं खाणं सकाळीही नीट चढलेलं नसतं. बरणी ओव्हनमध्ये ठेवून नुसता दिवा लावा. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तोच स्टार्टर तीन-चार तासांत वर जाऊन खालीही बसतो. अशा वेळी एकास पाच, पाच खाणं द्यावं, पाणी माठातलं गार घ्यावं. घड्याळ बाजूला ठेवून बरणीकडे बघा, हेच मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते.

सलग दोनदा चार ते सहा तासांत दुप्पट झाला, वास गोडसर-आंबट आला, की तो कामाला तयार. अर्धवट जागलेल्या स्टार्टरचा ब्रेड आतून चिकट आणि घट्ट होतो. पाण्यात थेंब तरंगतो का, ही चाचणी सगळे सांगतात. कणकेचा स्टार्टर चांगला असूनही बुडू शकतो, म्हणून माझा भरवसा रबरबँडवर. माथा फुगीर असताना, खाली बसण्याआधीच १०० ग्रॅम उचला: ५०० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम मीठ, आणि पाणी मैद्याला ३५० ग्रॅम, कणकेला त्याहून ३०-४० ग्रॅम जास्त. ज्वारी-बाजरी आवडीपुरतीच मिसळा, त्यांत ग्लुटेन नसल्यानं वायू धरला जात नाही.

पीठ भिजवण्यापूर्वी दोन चमचे स्टार्टर आठवणीनं मागे ठेवा, त्याला खाऊ घाला आणि तासाभरानं फ्रिजमध्ये सारा. आठवड्यातून एकदा खाणं मिळालं तर पुढच्या वेळी एवढी मेहनत पडत नाही. लांबच्या गावाला जाणार असाल, तर चढलेला स्टार्टर बटर पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली सुकवा. कडक उन्हात नको. कुरकुरीत पापुद्रे चुरून कोरड्या डबीत भरा. परत आल्यावर चमचाभर चुरा कोमट पाण्यात विरघळवून त्यात तेवढंच पीठ घाला, आणि पहिले दोन दिवस काही हललं नाही तरी खाणं देत राहा.