वीस पटाच्या आतली शाळा

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, तारीख आणि सुविचाराच्या शेजारी रोज दोन आकडे लिहिले जातात : पट आणि हजर. हजेरीचा आकडा मुलांचा. ताप, आठवडी बाजार, मामाच्या गावचं लग्न, पेरणी यांच्या तालावर तो खाली-वर होतो. पटाचा आकडा शाळेचा. शिक्षक किती मिळणार, तांदूळ किती येणार, गणवेशाला आणि खडू-झाडूला पैसे किती, आणि शेवटी शाळा राहणार की उठणार, हे सगळं त्यावर ठरतं.

२०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र आणण्याचा, विषय निघाला तेव्हा राज्यातल्या वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची मोजदाद चर्चेत आली. अशा शाळा १४,७८३, मुलं १ लाख ८५ हजारांच्या वर, शिक्षक २९,७०७. सरासरी काढली तर शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. अर्थखात्याला यात एका शिक्षकामागे सहा मुलं दिसतात आणि खर्च डोळ्यांत खुपतो. वस्तीवरच्या आईबापाला मात्र दिसते ती हाकेच्या अंतरावरची शाळा, जिथे सहा वर्षांची पोर ओढा न ओलांडता जाऊ शकते.

या लहान शाळा चुकून उगवलेल्या नाहीत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आलं. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असा दंडक घातला. पुढे वाड्या, तांडे, पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. स्थानिक शिकलेली मुलं-मुली तुटपुंज्या मानधनावर तिथे शिकवू लागली. कालांतराने या शाळा जिल्हा परिषदेच्या नियमित शाळा झाल्या आणि बऱ्याच लढ्यानंतर हे ‘निमशिक्षक’ सेवेत सामावले गेले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालच्या राज्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे असं लिहून ठेवलं. वस्ती लहान, म्हणून शाळा लहान. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. म्हणजे आधीच लहान असलेल्या वस्तीत पहिलीला बसणारी मुलंही घटत आहेत. उरलेल्यांतली काही सकाळी फाट्यावर उभी राहून इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत चढतात.

पट एक-एकाने वाढतो वा घटतो, पण त्यावर मिळणाऱ्या गोष्टी पायरीपायरीने बदलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन. पट दीडशेच्या पुढे गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. पोषण आहार शिजवायला पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस, सव्विसाव्या मुलाबरोबर दुसरी. समग्र शिक्षा योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान तीस मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, एकतीस ते शंभरला २५ हजार, त्यापुढे अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यामुळे तीस पटाच्या शाळेत बदली होऊन आलेल्या ग्रामसेवकाने आपलं एक मूल घातलं, तर शाळेला १५ हजारांचा फरक पडतो.

अठरा मुलांच्या शाळेचं उदाहरण घेऊ. तिचं वर्षाचं अनुदान १० हजार. त्यातले किमान दहा टक्के, म्हणजे हजार रुपये, स्वच्छतेवर खर्चायचे : फिनेल, झाडू, साबण, शौचालयाची डागडुजी. उरलेल्या नऊ हजारांत वीजबिल, खडू, रजिस्टरं, छपाई, पाण्याची टाकी, तुटलेली कडी, पावसाळ्यात फुटलेलं कौल. पूर्वी अशा किरकोळ खर्चाला ‘सादिल’ निधी मिळायचा. तो कधी आला, कधी थकला, आणि थकलेल्या बिलापोटी वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या दर वर्षी ठरलेल्या. प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० रुपये आहे, म्हणजे त्याच्या एका महिन्याच्या मूळ पगारात या शाळेची जवळजवळ तीन वर्षं निघतील. सरकार लहान शाळेवर खर्च करत नाही असं नाही. पण तो जवळपास सगळा पगारात जातो, आणि मुलाच्या हाताला लागेल अशा वस्तूसाठी शिल्लक राहते ती चिल्लर.

पोषण आहाराचंही गणित पटावरच चालतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. मे २०२५ पासून डाळ, तेल, भाजी, इंधन यांचा दर मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. अठरा मुलांना एक किलो ८०० ग्रॅम तांदूळ आणि १२२ रुपये. पण गॅसची शेगडी अठरांसाठी पेटवा नाहीतर साठांसाठी, सिलिंडर तसाच जळतो. मदतनीस ताईंना महिन्याला २,५०० रुपये मानधन. त्या सकाळी तांदूळ निवडतात, खिचडी शिजवतात, वाढतात, भांडी घासतात. वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरची शाळा २०२३ मध्ये देशभर गाजली, कारण तिच्या पटावर एकच विद्यार्थी होता. दीडेकशे लोकवस्तीच्या त्या गावात शिक्षक रोज येत, परिपाठ होई, आणि त्या एकट्यालाही नियमाप्रमाणे पोषण आहार मिळे.

हा पट ठरतो ३० सप्टेंबरला. त्या दिवसाच्या आकड्यावर संचमान्यता होते, म्हणजे पुढच्या वर्षी शाळेत किती पदं मंजूर, कोण अतिरिक्त, कोणाचं समायोजन कुठे, हे निघतं. आकडे फुगवण्याचा इतिहासही जुना. त्यामुळेच ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदारासारखी मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. आता शाईची जागा आधारने घेतली आहे. ज्याचं आधार पोर्टलवर जुळलं तोच विद्यार्थी संचमान्यतेत धरला जातो. मूल वर्गात समोर बसलेलं असतं, पाढे म्हणत असतं, पण जन्मतारखेत एक आकडा चुकला किंवा नावात ‘बाळू’चा ‘बाळासाहेब’ झाला की ते मोजणीतून गळतं. मग वीस पटाच्या शाळेतले गुरुजी पालकाला दुचाकीवर मागे बसवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जातात. एका नावाने पद वाचतं किंवा जातं.

बीड आणि आसपासच्या ऊसतोड पट्ट्यात ३० सप्टेंबरला वेगळाच अर्थ येतो. तेव्हा पट भरलेला असतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये मुलंही जातात. मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, आजी-आजोबांकडे राहणाऱ्यांच्या जेवणाची सोय झाली, बरोबर जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं गेलं. शाळेची पदं मात्र त्या एका तारखेलाच ठरून गेलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं पोर चार महिन्यांचा अभ्यास घेऊन आलेलं नसतं, आणि तो भरून काढायला जादा माणूस मिळत नाही.

द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक पहिली-दुसरी सांभाळतो, दुसरा तिसरी-चौथी. कागदावर दोन, पण त्यांतला एक प्रभारी मुख्याध्यापक. केंद्राची शिक्षण परिषद, गट साधन केंद्रातली बैठक, ऑनलाइन माहिती, आहाराची नोंद, कॅशबुक, मतदार यादीचं काम त्याच्या वाट्याला. तो बाहेर पडला की चारही इयत्ता एका खोलीत येतात. भिंतीकडे तोंड करून तिसरीवाले शुद्धलेखन काढतात, चटईवर पहिलीवाले काड्यांचे दशक बांधतात, आणि चौथीची एखादी मुलगी दुसरीला वाचून दाखवते. बहुवर्ग अध्यापनाचं प्रशिक्षण हेच शिकवतं. पण ते सोय म्हणून करणं आणि माणूस नाही म्हणून करणं, यातला फरक गुरुजींना ठाऊक असतो.

या शाळांचं करायचं काय, यावर सरकारचं मत दर काही वर्षांनी बदलत आलं आहे. २०१७ च्या अखेरीस दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्यावर मोठं वादळ उठलं. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळेची कल्पना आली. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ हे नमुने पुढे ठेवून आसपासच्या छोट्या शाळा एकत्र आणायच्या. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक, खेळाला सवंगडी, प्रयोगशाळा, ग्रंथालय मिळतं, हा युक्तिवाद पोकळ नाही. सात मुलांच्या शाळेत कबड्डीचा एक संघ जेमतेम उभा राहतो, समोरचा कुठून आणणार? पण पानशेतला गाडी जाते, आणि गाडी जाते म्हणून ती योजना चालते. समग्र शिक्षेत वाहतुकीसाठी मुलामागे वर्षाला ६ हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. घाटातल्या पाड्यावर तेवढ्यात जीप लावायला कोण तयार होईल, आणि आषाढात रस्ता वाहून गेला तर काय, याचं उत्तर शासननिर्णयात नसतं. २०२४ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक १५ हजारांच्या कंत्राटी मानधनावर नेमायचं ठरलं. लगेच ती मर्यादा दहा पटावर आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्णयच मागे घेतला गेला.

गणवेशाचा धडाही ताजा आहे. मुलामागे ६०० रुपयांत दोन गणवेश. शाळा व्यवस्थापन समिती गावच्या किंवा बाजाराच्या शिंप्याकडून मापं घेऊन ते शिवून घेत असे. २०२४-२५ मध्ये राज्याने एकाच ठिकाणी कापड घेऊन बचतगटांकडून शिलाई करायचं ठरवलं. स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. वर्ष संपायच्या आत हा अधिकार पुन्हा समित्यांकडे द्यायचं ठरलं. या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. कापड धुतल्यावर आटतं का, हे त्यांना विचारावं लागत नाही.

पट खरोखर वाढवणाऱ्या शाळाही आहेत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीला गावाने जमीन आणि वर्गणी दिली, मोडक्या खोल्यांच्या जागी काचेचे वर्ग आले आणि प्रवेशाला प्रतीक्षायादी लागली. तिथले दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. ती तीन मुलांवर येऊन बंद पडण्याच्या बेतात होती. मुलांनी मुलांना शिकवायचं, ही तिथली पद्धत. २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक शाळा पुरस्कारांत जालिंदरनगरने लोकपसंतीचा मान मिळवला. पण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याजवळच्या गावाला देणगीदार, कंपन्या आणि खाऊन-पिऊन सुखी पालक सापडतात. नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याच्या पाड्यावर वर्गणीची वही फिरवली तर तिच्यात काय जमेल? शिवाय जननदर घटत असताना सगळ्याच शाळांचा पट एकदम वाढणार नाही. एका शाळेत आलेलं मूल बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी शाळेच्या पटावरून कमी झालेलं असतं.

मग निधीचा नियमच जरा बदलता येईल का? त्याचा नमुना संयुक्त शाळा अनुदानाच्याच योजनेत आहे. समग्र शिक्षेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५ हजार आणि खेळाच्या साहित्यासाठी ५ हजार रुपयांपर्यंत मिळतात, पट बारा असो वा दोनशे. पुस्तकांचं कपाट मुलांच्या संख्येवर लहान-मोठं होत नाही, हे तिथे मान्य केलेलं आहे. छप्पर, वीज, पाणी आणि शौचालय यांनाही हेच लागू पडतं. प्रत्येक शाळेला ठराविक रक्कम आणि त्यावर मुलामागे भर, अशी मांडणी केली तर अठरा मुलांच्या शाळेला वीजबिल भरल्यावरही खडूला पैसे उरतील. त्यासाठी कायदा बदलायला नको. केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के वाटे धरून दर वर्षी बनणाऱ्या वार्षिक कार्ययोजनेत आणि अंदाजपत्रकात ही मागणी राज्याला मांडता येते.