बाकांच्या क्रमाने लिहिलेला गाव

इंग्लंडमधल्या खेड्यातील एखाद्या शेतकरी किंवा मजूर घराण्याचे मूळ शोधू लागले की वाट पॅरिशच्या दप्तराशी येऊन पोहोचते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील मुलूख; त्यात बहुधा एकाहून अधिक वाड्या असत, आणि धर्मकार्याबरोबरच रस्त्यांची डागडुजी, गोरगरिबांचे पोषण व त्यासाठीची पट्टीवसुली हा कारभारही सोळाव्या शतकापासून हळूहळू पॅरिशकडे आला. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम काढला, आणि १८३७ च्या जुलैत सरकारी नोंदणी सुरू होईपर्यंत सामान्य माणसाचे नाव टिकले ते मुख्यतः या वह्यांमुळे.

मात्र या वह्या जपून वाचाव्या लागतात. त्यांत जन्माची नव्हे, बाप्तिस्म्याची तारीख असते. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने एखाद्या वर्षाचा फेब्रुवारी त्याच वर्षाच्या एप्रिलनंतर आलेला दिसतो, आणि हे ध्यानात न घेणाऱ्याच्या वंशावळीत लग्नाआधीच मूल जन्माला येते. बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्याच्या वह्या १८१३ मध्ये आल्या आणि तेव्हापासून बापाचा धंदा व राहण्याचे ठिकाण लिहिले जाऊ लागले. त्याआधी पुष्कळदा मुलाचे आणि बापाचे नाव, एवढ्यावरच नोंद संपते, व आईचा उल्लेखही नसतो. एकाच गावात एकाच नावाचे चुलतभाऊ असले, तर केवळ वहीच्या आधारे त्यांना वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते.

वही जे सांगत नाही ते किती असते, हे श्रॉपशर परगण्यातील मिडल या पॅरिशमध्ये जसे उमगते तसे क्वचितच अन्यत्र उमगत असेल. तेथील रहिवासी रिचर्ड गफ (१६३५–१७२३) याने उतारवयात, १७०१ च्या सुमारास, आपल्या पॅरिशचा वृत्तांत लिहायला घेतला आणि त्यासाठी अगदी निराळी मांडणी निवडली. चर्चमधील बाकांचा आराखडा काढून तो एकेका बाकापाशी थांबतो, आणि त्यावर बसण्याचा हक्क कोणत्या घराकडे आहे, त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोण नांदले, कोणी जमीन वाढवली, कोणी ती दारूपायी घालवली, हे सांगत जातो. बाकाचा हक्क माणसाला नसून घराला वा जमिनीला चिकटलेला असे. सधन घरे पुढे, झोपडीवाले मागे किंवा कडेला. म्हणूनच गफच्या हातून घडलेला हा कुलवृत्तांत रक्ताच्या नात्याइतकाच घराच्या चौकटीलाही धरून आहे, आणि आजच्या शोधकानेही हीच दृष्टी ठेवावी, कारण आडनाव लोपले तरी शेताचे नाव राहते आणि मुलीच्या वाटेने पुढे गेलेला वंश त्या शेतावरून सापडतो.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धाविषयीचा गफचा मजकूर तर अमोल आहे. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याने मिडलच्या टेकडीवर जमवलेली माणसे पाहिली होती: उंचवट्यावर हातात कागद घेतलेला एक जण उभा, शेजारी जमिनीत उभे रोवलेले तीन-चार भाले, आणि राजाच्या बाजूने लढणाऱ्यास आठवड्याला चौदा ग्रोट, म्हणजे छप्पन्न पेनी, मिळतील अशी दवंडी. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस जण गेले आणि त्यांपैकी तेरा मारले गेले, असे तो नोंदवतो. गेलेल्यांपैकी काहींचे पुढे काय झाले हे कोणालाच कळले नाही. जो दूरच्या रणात पडला त्याची दफननोंद गावच्या वहीत कोठून येणार? वंशावळीत जेथे एखादा तरुण अचानक नाहीसा होतो, तेथे वहीतल्या कोऱ्या जागेमागे असे काही असू शकते, हे गफमुळे समजते.

ज्यांना बाकच नव्हते त्यांचा माग निराळ्या कागदांत लागतो. १६६२ च्या कायद्याने, नव्याने आलेला माणूस पॅरिशवर भार होईल असे वाटल्यास त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत धाडता येऊ लागले. ते मूळ ठरवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे त्याची शपथेवर जबानी घेत. जन्म कोठे झाला, उमेदवारी कोणाकडे केली, सालगडी म्हणून कोणाकडे पुरे वर्ष राबला, लग्न कधी झाले, हे सारे त्या जबानीत येते आणि तळाशी पुष्कळदा सहीऐवजी फुली असते. गफनेही आपल्या ग्रंथात शेजारच्या पॅरिशांशी झालेल्या अशा तंट्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. गरिबाला हाकलण्यासाठी केलेल्या कागदांतच त्याचे आयुष्य सर्वांत सविस्तर उतरावे, ही या दप्तरातली मन विषण्ण करणारी गोष्ट आहे. आणि ज्या मजूर घराण्याचे नाव ना मृत्युपत्रात ना बाकांच्या आराखड्यात, त्याच्या वंशजाला खापरपणजोबाच्या आयुष्याची हकीकत मिळण्याची आशा याच कागदांत असते.